लांबडी आणि आखुडी

यंदा पुन्हा करवी फुलली. मुलाच्या घोडबंदर रोडवरच्या घरातून दोन टॉवरांच्या फटीत डोंगराचा एक तुकडा दिसतो. गणपती उठले तेव्हा तो हिरवागार होता. मग एका सकाळी त्याच्यावर निळसर झाक आली आणि बघता बघता सगळा उतार जांभळा झाला. सून चहा घेऊन गॅलरीत आली. म्हणाली, "बाबा, सात वर्षांनी फुलते म्हणे ही. बघा तरी!" मी बघितलं. सुंदर आहे म्हणालो. आणि आत येऊन पंखा वाढवला, कारण मानेवर घाम आला होता.

लोकांना तो रंग फुलांचा वाटतो, मला मुक्या माराचा वाटतो. मार लागल्यावर एक-दोन दिवसांनी कातडीखाली जो रंग चढतो, मध्ये जांभळा आणि कडेला हिरवट, तोच हा. माझ्या उजव्या खांद्यावर तो रंग कित्येक महिने होता. त्या वर्षीही करवी फुललेली. मी पोलिसात नवा होतो, ठाण्याच्या मुख्यालयात, सशस्त्र शाखेत. घर कल्याणला, चाळीत. भरतीचा कागद आला तेव्हा आईने विहारात पेढे वाटलेले. चाळीतले सगळे विचारायचे, "बंदूक मिळाली का रे?" मिळाली होती. पण सांगताना मी जरा अडखळायचो, कारण माझी बंदूक आखूड होती.

आमच्या शस्त्रागारात तेव्हा जुन्या थ्री नॉट थ्री रायफली होत्या. लाकडाला तेल पिऊन पिऊन काळपट तपकिरी रंग आलेला. दार उघडलं की तेलाचा, दमट चिंध्यांचा आणि लोखंडाचा मिळून एक वास यायचा, आणि तो हातांना लागला की जेवतानाही जायचा नाही. त्या रायफलींच्या रांगेत शेवटी काही बुटक्या उभ्या असायच्या. घडण तीच, बोल्ट तोच, गोळी तीच. पण नळी छाटलेली, पुढचं लाकूड अर्ध्यावर संपवलेलं, जिथे जिथे लोखंड कमी करता येईल तिथे तिथे खरवडून वजन उतरवलेलं. नळीच्या टोकाला जाळ झाकायला फनेलसारखी टोपी आणि दस्त्याला रबराची पट्टी. कागदोपत्री तिचं नाव कार्बाइन. पुढे भराभर गोळ्या ओकणारी कार्बाइन आली, ती वेगळी. ही कधीतरी जंगलातल्या लढाईसाठी लांब रायफल कापून बेतलेली. आम्ही मोठीला लांबडी म्हणायचो आणि हिला आखुडी.

मी उंचीत जेमतेम बसलेलो. वाटप करणारे नाखवा हवालदार माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाले, "तुना आखुडी." बाकीची पोरं हसली. मीही हसलो. मनात म्हटलं, चला, हलकी तरी आहे.

नाखवा हवालदार ठाण्याच्या खाडीकाठचे कोळी. घरी होड्या होत्या, भाऊ मासेमारी करायचे, हे एकटेच पोलिसात आलेले. रुंद खांदे, मिशा पांढऱ्या व्हायला लागलेल्या, आवाज मात्र मऊ. साहेबांशी अदबीने छापील मराठी, आमच्याशी कोळीवाड्यातली. त्यांची लांबडी कुणी उचलायची नाही, असा अलिखित नियम होता. चांदमारीला ते पालथे पडले की ती रायफल त्यांच्या अंगाचा भाग होऊन जायची. गोळी सुटताना खांदा जरासा मागे जायचा, जसा होडीला लाटेचा धक्का लागावा. बस.

मी पहिल्यांदा आखुडी झाडली तेव्हा काय झालं हे मला कळलंच नाही. तोंडासमोर जाळ, कानात शिट्टी आणि खांद्यावर कुणीतरी हातोडा घातल्यासारखा दणका. रबराची पट्टी वयाने दगड झालेली. लांबडी ढकलते, आखुडी मारते, हा पहिला धडा. दुसरा धडा असा, की हलकी वस्तू खांद्यावर वागवायला बरी, पण तिच्यातून तीच दारू उडते तेव्हा ते हलकेपण कुणाच्या तरी अंगावर येतंच. तिसरा धडा सगळ्यात वाईट. आज जिथे गोळी लागली तिथे ती उद्या लागेलच असं नाही. लांबडी एकदा जुळवली की जुळली. आखुडीचा नेम कलायचा, कधी डावीकडे, कधी वर. मी वैतागून म्हणालो, "हवालदार, हिचं काय करायचं?"

"हिचा कवा भरवसा धरू नुको," ते म्हणाले. "आन् ही बारकी हाय असा तर कवाच समजू नुको. हिची नळी कापलेली हाय, जोर नाय कापलेला."

घरी आईने हळद गरम करून खांद्याला लावली. रंग बघून म्हणाली, "ही बंदूक तुझ्या बाजूची आहे ना रे?"

त्या मोसमात बंदोबस्त फार होते. पाऊस मागे सरत होता, ऊन चटके देत होतं, आणि रोज कुठे ना कुठे माणसं रस्त्यावर. डोंबिवलीत मानपाड्याच्या बाजूला कारखान्याच्या गेटवर, शीळफाट्यावर रास्ता रोको. आम्ही निळ्या गाडीत मागे समोरासमोर बसायचो, गुडघ्याला गुडघे लावून. लांबड्यांना तिथे जागा पुरायची नाही, त्यांची टोकं टपाला घासायची. माझी आखुडी मांडीवर निवांत मावायची. तेवढ्यापुरता मी राजा. पण खाली उतरलो की चित्र पालटायचं. नाखवा हवालदार नुसते लांबडी घेऊन उभे राहिले की गर्दी आपोआप मागे सरकायची. माझ्याकडे बघून मात्र कुणीतरी ओरडायचंच, "ए, ती बंदूक धुतल्यावर आटली काय रे?" गर्दीला लांबी दिसते. आतली गोळी कुणाला दिसत नाही.

आणि मग ती सकाळ आली. घोडबंदर रोडला तेव्हा टॉवर नव्हते. एका अंगाला खाडी, मिठागरं. दुसऱ्या अंगाला डोंगराच्या पायथ्याची आगरी गावं, भाताची खाचरं, मध्येच एखादी वीटभट्टी. त्यातल्या एका गावातून फोन आला, की घरात वाघ शिरलाय. तिकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात. फॉरेस्टवाले निघालेत, पण गर्दी आवरायला पोलीस हवेत. आम्हाला गाडीत घातलं. सगळे मिळून मूठभर माणसं, आणि आमचे प्रमुख नाखवा हवालदार.

रस्त्यावरून गाव दिसलं तेव्हा मागचा उतार असाच जांभळा झालेला. मधमाश्यांचा आवाज ऐकू येत होता, आणि त्याच्या वर माणसांचा.

घर गावाच्या टोकाला, करवीत घुसल्यासारखं. पुढच्या खोलीत शेळ्या बांधायच्या, मागे स्वयंपाकघर. दोन्हींच्या मध्ये कूड. म्हणजे करवीच्याच काड्या उभ्या बांधून वर शेण-मातीचा गिलावा केलेली भिंत. येण्याजाण्याच्या जागी बांबूची झाप, दारासारखी ओढून घ्यायची. मागची भिंत मात्र विटांची पक्की, पावसाचा मार तिकडून येतो म्हणून बांधलेली. बिबट्या पहाटे शेळीमागे आत आला. घरातली म्हातारी, गोमीबाय, पुढच्या दाराशी होती. ती किंचाळत बाहेर पळाली आणि पळता पळता तिने दार ओढून कडी घातली. कडी घातल्यावर तिच्या लक्षात आलं, की सून हिरा मागच्या खोलीत आहे. तान्ह्या बाळाला घेऊन.

आम्ही पोचलो तेव्हा गोमीबाय अंगणात मातीत बसलेली. कपाळ बडवून बडवून लाल झालेलं. "मीच कडी लावली," एवढंच ती म्हणत होती. "मीच लावली, मीच." हिराचा नवरा मागच्या भिंतीपाशी उभा राहून आतल्या बायकोशी बोलत होता. आतून उत्तर येत होतं, अगदी हळू. बाळ झोपलंय. झाप ओढून घेतलीय. वाघ पलीकडे हाय, मला त्याचा वास येतोय.

फॉरेस्टचा एक गार्ड सायकलवरून येऊन पोचला होता. समजूतदार माणूस. त्याने सांगितलं, बेशुद्ध करणारी बंदूक आणि डॉक्टर निघालेत, पण वाटेत ट्रक उलटून रस्ता बंद आहे. तोवर जनावराला बिथरू द्यायचं नाही. ते कोपऱ्यात भाताच्या कणगीमागे बसलंय. त्याला बाहेरच पडायचंय, पण बाहेर एवढी माणसं.

आणि माणसं खरोखर एवढी होती. आजूबाजूच्या पाड्यांवरून आलेली, हातात कोयते, काठ्या, पेटते टेंभे. शेजाऱ्यांपैकी एक जण, अंगाने दांडगा, सारखा पुढे येऊन ओरडत होता, "बंदुका कशाला आणल्याव? मारा ना!" हवालदार म्हणाले, "मधी कूड हाय, पल्याड बाय हाय." तेव्हा त्याने माझ्याकडे बोट दाखवलं. "मग ती बारकी बंदूक मारा! बारकी हाय ना ती!"

लोकांनी ते उचललं. बारकी मारा, बारकी मारा. हिराचा नवराही माझ्याकडे वळला. त्याच्या डोळ्यांत आशा होती, आणि ती मला सहन होईना. त्याला खरंच वाटत होतं, की माझ्या हातातली बंदूक वाघापुरतीच आहे.

नाखवा हवालदारांनी मला बाजूला घेतलं. कानाशी तोंड आणून हळू बोलले.

"ऐक. आमी मागशी चढून कौला काढताव. तिला आन् पोराला वरून घेताव. आवाज होईल, त्यो उठेल. तू त्या बाजूच्या खिडकीशी ऱ्हा. माझी लांबडी त्या बोळात वळनार नाय, तुझी वळंल. त्यो झापेला भिडला, तरच. तवरोक बोट घोड्यावर ठेवू नुको."

"हवालदार, मारली तर पलीकडे..."

"म्हाईत हाय," ते म्हणाले. "दोगींची गोळी येकच. कूड तिला कागद हाय."

तो बोळ मला अजून स्वप्नात दिसतो. घराची भिंत आणि रचलेली लाकडं यांच्या मध्ये एक माणूस तिरका होऊन जाईल एवढी जागा. लांबडी तिथे खरंच अडकली असती. खिडकी म्हणजे नुसतं भोक, दोन गज, त्यातला एक तुटलेला. मी आखुडीचं तोंड त्यातून आत सारलं. आत अंधार. आधी फक्त वास आला, उग्र, ओल्या कातड्यासारखा. मग शेळीचे दोन डोळे, मेलेले. मग कणगीमागे दुसरे दोन डोळे, जिवंत.

तो माझ्याकडे बघत होता. मला वाटलेलं डरकाळी वगैरे असेल. काही नाही. फक्त धापा. त्याच्या आणि माझ्याही. त्याच्या डोक्यामागे दीड हातावर कूड होता. गिलावा जागोजागी पडलेला, काड्यांच्या फटीतून मागच्या खोलीतल्या चुलीचा लालसर उजेड दिसत होता. मध्येच तो उजेड झाकला जायचा, पुन्हा दिसायचा. पलीकडे कुणीतरी हलत होतं. मी मनातल्या मनात नेम धरून बघितला. सरळ मारली तर त्याच्या कपाळातून कुडात. जरा चुकली तर थेट कुडात. आणि हिच्या नेमाचा भरवसा मला नव्हता. लांबडी असती तर? मी स्वतःला विचारलं. लांबडी असती तर नेम चुकला नसता, एवढंच. गोळी पलीकडे गेलीच असती.

घराच्या मागच्या अंगाला पहिलं कौल सरकलं. तो उठला. अंधारातून पिवळा रंग उभा राहिला, कणगीवर आपटला, शेळीला ओलांडून झापेपाशी गेला. दुसरं कौल. त्याने मान वर केली, मग पंजा उचलून झापेवर ठेवला, जसा माणूस दार लोटून बघतो तसा. बांबू कुरकुरले. आतून बाळ रडलं.

माझं बोट घोड्यावर गेलं. कधी गेलं ते मला आठवत नाही. घोड्याचा पहिला ढिलेपणा मी दाबून संपवला होता. त्यानंतर फक्त केसाएवढं अंतर उरतं. दणका बसायच्या आधीच खांदा आक्रसत होता. मला झाप दिसत होती, पंजा दिसत होता, आणि झापेच्या बाजूच्या फटीत लुगड्याचा हिरवा तुकडा.

त्याच क्षणी खोलीत उजेड पडला. लख्ख, उन्हाचा. पुढचं दार उघडलं होतं.

हे हवालदारांनी केलं होतं. बाळाचं रडणं ऐकून ते कौलांवरचं काम दुसऱ्यांवर सोडून पुढे धावले होते. लोकांना ओरडून मागे हटवलं आणि स्वतःच्या हाताने कडी काढून अंगणात उभे राहिले, लांबडी खांद्याला लावून. बिबट्याने उजेडाकडे तोंड केलं. मला त्याची पाठ दिसली, शेपटी दिसली, आणि खोली रिकामी झाली.

बाहेर काय झालं ते मी बघितलं नाही, ऐकलं. किंकाळी. लोखंड दगडावर आपटल्याचा आवाज. मग पळापळ. गोळीचा आवाज मात्र नाही. मी बोळातून उलटा सरकत बाहेर आलो तेव्हा करवी हलत होती, वर, वर, डोंगराच्या दिशेने, आणि तिच्यावरून जांभळी फुलं गळत होती. अंगणात लांबडी पडलेली. हवालदार मातीत बसलेले. उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत फाटून उघडा पडलेला. त्यांच्या मागे, अगदी दारासमोर, गोमीबाय उभी होती, कडीकडे बघत.

मागून हिराच्या नवऱ्याने बाळाला कौलांतून वर घेतलं, मग हिराला. मी ते बघितलं, आणि बंदुकीतून गोळी काढताना ती माझ्या हातून मातीत पडली.

आता त्या उताराखाली सोसायट्या आहेत. मोटारी, ऑफिसच्या बसगाड्या, रात्रंदिवस अडकलेला रस्ता. परवा नातीने विचारलं, "आजोबा, तुम्ही कधी कुणाला मारलंत?" नाही म्हणालो. ती जरा निराश झाली. न झाडलेल्या गोळीची गोष्ट मुलांना सांगता येत नाही. तिला आवाज नसतो. मोठ्यांनाही ती फारशी पटत नाही. मुख्यालयात परतल्यावर आमच्यातल्याच काहींनी मला विचारलेलं, "एवढा समोर होता आणि मारला नाहीस?" मी बिबट्याची बाजू घेतोय असं त्यांना वाटलं. मी कुणाची बाजू घेत नव्हतो. केसाएवढं अंतर उरलेलं, आणि ते दुसऱ्या कुणीतरी दार उघडून वाचवलं, एवढंच घडलं होतं.

नाखवा हवालदारांना ठाण्याच्या सरकारी इस्पितळात ठेवलं. हात राहिला, पण बोटांतली ताकद गेली. लांबडी पुन्हा त्यांच्या खांद्याला लागली नाही. पुढे त्यांना टेबलाचं काम दिलं, आणि तेही त्यांनी कधी कुरकुरत केलं नाही. मी डबा घेऊन जायचो. एका दुपारी धीर करून विचारलं, "हवालदार, तुमच्याकडे लांबडी होती. मोकळ्या अंगणात तो सरळ तुमच्या नेमात आला. का नाही मारलीत?"

"म्हातारी पलाली मधी," ते म्हणाले. "मी दार उघरला आन् तिला वाटला, आपन आत जावा, सुनेला आनावा. वाघ भाईर येतंय आन् ती आत जातंय. माझ्या नेमात दोगा पन. लांबडीचा नेम चुकत नाय रे. म्हनून तर मारली नाय."

तेवढ्यात वॉर्डाच्या दारात गोमीबाय आणि हिरा आल्या. हिराच्या कडेवर बाळ, टोपडं घातलेलं. म्हातारीने हवालदारांच्या पायाला हात लावला आणि तिथेच खाली बसली. हिरा मात्र माझ्याकडे बघत उभी होती.

"तू खिडकीन व्हतास ना?" तिने विचारलं.

मी मान हलवली.

"मना दिसत व्हता. कुडाचे फटीतशी. वाघ पन दिसत व्हता आन् तुझे बंदुकीचा तोंड पन. गोल, काला." तिने बाळाला दुसऱ्या कडेवर घेतलं. "वाघाचा मना येवरा भ्या नाय वाटला. त्यो झाप तोरून आला असता, मना कलला असता. तुझी गोली कवा येईल त्याचा काय कलनार? म्हनून पोराला मागचे भिंतीशी ठेवला आन् तुझे बंदुकीसमोर मी बसले. झापेला पाठ लावून. म्हटला, लागली तर मना लागंल, पोर ऱ्हाईल." मग जरा थांबून, जणू बरोबर केलं ना हे विचारावं तशी म्हणाली, "माझ्यापाशीच थांबली असती ना रे ती?"

मी पोलीस होतो. ती गोळी काय करते हे मला शिकवलेलं होतं. कूड, ती, तिच्या मागचं बाळ. लांबडीतून सुटो की आखुडीतून, तिला तिघांचा फरक कळला नसता.

"हो," मी म्हणालो. "तुझ्यापाशीच थांबली असती."

नाखवा हवालदारांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मग बँडेजातला हात हळूच उचलून बाळाच्या टोपड्यावर ठेवला आणि हिराला म्हणाले, "व्हय गो बाय. बारकी बंदूक ती. थांबली असती."